दूलॅली: देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये वाढलेल्या एखाद्या सहकाऱ्यासमोर 'दूलॅली' म्हणून पाहा, तो हसेल. 'डोकं फिरलंय' असा त्याचा अर्थ. अमेरिकेत हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतून निघाला, हे मात्र तिकडेही थोड्यांनाच ठाऊक असतं.

मुंबईहून थळ घाट चढून गेलं की नाशिक रोडच्या अलीकडे देवळाली लागते. तिथे १८६१ मध्ये ब्रिटिशांनी लष्करी छावणी उभारली. विलायतेहून आलेले गोरे शिपाई इथून आपापल्या पलटणीत जात आणि नोकरीची मुदत संपली की परतीच्या बोटीसाठी पुन्हा इथेच येत. (आपल्या डब्लिनच्या कॅम्प पार्क्सनेही दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या माणसांची अशी ये-जा पाहिली आहे.) सैनिकांच्या बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत. मार्चमधली शेवटची बोट हुकली की थेट दिवाळीच्या सुमारापर्यंत मुक्काम.

फ्रँक रिचर्ड्स हा वेल्श शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात त्याने या वाट पाहणाऱ्यांबद्दल लिहिलं आहे. हातात हत्यार नाही, धड काम नाही. वर्षानुवर्षं नीट वागलेली माणसं इथे भानगडीत सापडून तुरुंगात गेली. असा कुणी बिथरला की त्याला 'दूलॅली टॅप' झालाय म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप! कोशकार तो हिंदुस्थानीतून आला असं सांगतात. मराठीत ताप अंगात येतो आणि डोक्यालाही होतो, त्यामुळे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. पुढे 'टॅप' गळला, 'दूलॅली' उरला. 'ळ' तर साहेबाच्या जिभेवर कधी चढलाच नाही. (आपल्या इथल्या मुलांचंही तेच, पण ते असो.)

बीबीसीची १९७४ ची 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका सुरुवातीला देवळालीतच घडते. पुण्यात २००९ मध्ये बिअर बनवू लागलेल्या एका कंपनीनेही हेच नाव घेतलं. शब्द असा हसण्यावारी गेला. खापर बहुधा उन्हावर फुटतं, आणि ते मला पटत नाही. देवळालीला मुंबईकर आजही मुद्दाम हवापालटासाठी जातात! माणसं खचली ती सुटण्याची तारीख दुसऱ्याच्या हातात होती म्हणून. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडून आपली प्रायॉरिटी डेट किती सरकली ते पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. त्या शिपायांना निदान बोटी कुठल्या महिन्यात सुरू होतात, एवढं तरी माहीत असे.