तारेतील शब्दमोजणी आणि टेलिफोनची बाकी

जळगावच्या कापूस व्यापाऱ्याला मुंबईहून तार आली आहे, असे समजा. मजकूर तीनच शब्दांचा : "माल विकणे नाही." वाटेत शेवटचा शब्द गळाला, तर हाती काय पडेल? "माल विकणे!" वर्षाचा व्यवहार एका शब्दाने बुडाला म्हणायचा.

यावर तारबाबूंची युक्ती साधी होती. मजकुराआधी शब्दांची संख्या कळवायची. सांगितले तीन आणि आले दोन, की घेणारा मजकूर पुन्हा मागे. पण 'सात'चे 'आठ' झाले तर? मोजणी बरोबर, भाव चूक! म्हणून आकडे शेवटी पुन्हा एकदा पाठवीत.

1854 साली आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबईपर्यंत तार जोडली गेली. 1855 पासून ती लोकांस खुली झाली. पुढे रेल्वे खानदेशात आली, ती तारेचे खांब बरोबर घेऊनच. जुलै 2013 मध्ये आपल्याकडील तारसेवा बंद झाली. तोवर ती शब्दमोजणी टेलिफोनमध्ये शिरून बसली होती. कशी, ते पाहू.

1937 साली अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला पॅरिसमध्ये सुचले की, आवाज जसाच्या तसा न पाठवता त्याची मापे घेऊन ती पाठवावीत. पुढे प्रमाण ठरले : सेकंदाला 8000 मापे, प्रत्येक माप शून्य आणि एक अशा आठ चिन्हांचे. 1962 साली अमेरिकेत दोन जोडतारांवर 24 संभाषणे धावू लागली. युरोपने तीस संभाषणांची पद्धत घेतली, आणि भारतानेही तीच.

भुसावळ स्टेशनात उभे आहोत असे धरा. बत्तीस डब्यांच्या मालगाड्या एकीला एक लागून, मध्ये फट न ठेवता धावताहेत. तीस डब्यांत तीस जणांचे बोलणे. एक डबा नंबर, घंटी अशा निरोपांचा. पण पहिला डबा कोणता? त्यासाठी त्यात, एकाआड एक गाडीला, 0011011 ही खूण. मोजणी एका चिन्हाने सरकली, की तिसांच्याही कानात खरखर!

बरं, हीच खूण कुणाच्या बोलण्यात योगायोगाने उमटली तर? म्हणून यंत्र एकदा पाहून भुलत नाही. पुढच्या गाडीत ती नसावी आणि तिच्या पुढच्या गाडीत त्याच जागी पुन्हा दिसावी, तेव्हा मोजणी पक्की.

खूण बिघडली तर चूक कळे. पण दोन गाड्यांत मिळून चिन्हे 512, आणि खुणेची सातच. बाकीच्या 505 चिन्हांवर कोणाची नजर? म्हणजे राखणदार फाटकावर आणि शेत मोकळे. 1980च्या दशकात तारबाबूंची युक्ती नव्या रूपाने आली. आठ गाड्यांतील 2048 चिन्हांना ठराविक रीतीने भागायचे आणि उरलेली बाकी चार चिन्हांत पुढच्या आठ गाड्यांबरोबर पाठवायची. घेणाराही तोच भागाकार करतो. बाकी जुळली नाही, की चूक नक्की. सेकंदाला अशा 1000 तपासण्या! अगदी विस्कटलेल्या मजकुराचीही बाकी सोळांत एकदा जुळून जाते. तो 'सात-आठ'चाच प्रकार. पण हजारांत 915 किंवा त्याहून अधिक तपासण्या चुकल्या, तर यंत्र दोष तारेला देत नाही. आपणच खोटी खूण धरून बसलो, असे समजून पुन्हा शोधू लागते.

तार पुन्हा मागता येई. बोलणे तसे मागता येत नाही. ते कानावर पडून गेलेले असते. म्हणून इथे चुका नुसत्या मोजल्या जातात आणि पलीकडच्या टोकालाही कळवल्या जातात. मग एक्स्चेंजला आकडा पाहून तार दुरुस्त करता येते. ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहायला नको. मला या शोधाचे मोल इथे वाटते.

माझे वडील रावेर भागातून केळीचा भाव टेलिफोनवर विचारीत. खरखरीत एकदा भाव चुकीचा ऐकला आणि माल पडेल त्या दराने गेला. तक्रार केली, तर उत्तर मिळाले, "लाइन ठीक आहे." एका अर्थी ते खरेही असेल. वर सांगितलेली तपासणी दोन एक्स्चेंजांमधील मार्गाची. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार तिच्या बाहेर. त्या तेवढ्या तारेची साक्ष द्यायला वडील एकटेच होते.