सरकार पडले, पगाराचे काय? (तळटीप)

* १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले (२६९ विरुद्ध २७०). त्या संध्याकाळी लेखकाच्या भिलाईतल्या घरात पगाराची काळजी लागली, हे स्वाभाविक होते. मात्र तिथल्या पोलाद कारखान्याचे पगार ‘सेल’ ही सरकारी कंपनी आपल्या उत्पन्नातून देते. त्यासाठी संसदेची मंजुरी लागत नाही. खरा घोर होता तो टपाल, सैन्य, केंद्राची कार्यालये यांचा. राज्यघटनेच्या कलम ११४ नुसार विनियोजन कायद्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, एक पैसाही काढता येत नाही. कलम ११६चे लेखानुदान ही तात्पुरती सोय, आणि नव्या अबकारी व सीमाशुल्काच्या वसुलीला तेव्हा लागू असलेल्या १९३१च्या कायद्याने दिलेली मुभाही जेमतेम ७५ दिवसांची होती. म्हणून सरकार पाडणाऱ्या पक्षांनीही समजुतीने अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर होऊ दिला. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. अमेरिकेत अशी तडजोड फसली की कार्यालयांना टाळे लागते. २०१८-१९च्या हिवाळ्यात ते ३५ दिवस होते. तिथे अध्यक्ष पदावर राहतो आणि कोंडी तशीच चालते. आपल्याकडे पैशाच्या मागणीवर हरलेले सरकारच जाते. १९९९चा समंजसपणा मोलाचा होता यात शंका नाही. तरीही त्या वर्षी खात्यांच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा झाली नाही, ही त्याची किंमत लेखकाच्या निवेदनात यायला हवी होती. – संपादक