लाकडी जहाजाचं किट: डब्यात काय असतं, आणि आपली गुराब त्यात का नसते?

हे रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. टेबलावर लाकडाचा एक सांगाडा, अगदी माशाच्या काट्यासारखा. दोन हात त्यावर बारीक पट्ट्या चिकटवत जातात, व्हिडिओ पळतो आणि चाळीस सेकंदांत तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं राहतं. खाली शेकडो कमेंट, त्यातली निम्मी एकच: हे कुठे मिळतं?

मिळतं. पण ते चाळीस सेकंद प्रत्यक्षात सहा महिने ते दोन वर्षं असतात, हे रील सांगत नाही. आणि त्या किटच्या यादीत मराठ्यांची गुराब का दिसत नाही, हेही सांगत नाही. दुसरा प्रश्न मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो, पण तो कळायला आधी डबा उघडावा लागेल.

मी मूळची कंधारची. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने पाचशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं. तसा गावात एक 'समुद्र' आहे, राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग समुद्र, पण तो तलाव आहे. किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे. जहाज मात्र आम्ही पुस्तकातच पाहिलेलं. त्यामुळे घरी किटचं पार्सल आलं तेव्हा आजीने विचारलेला पहिला प्रश्न होता, "हे चालवणार कुठं?"

डब्यात काय असतं?

लाकडी जहाजाचं किट म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेलसारखे तयार भाग नव्हेत. डब्यातून निघते प्लायवुडची एक लांब पट्टी, म्हणजे जहाजाचा कणा. कोकणातले होड्या बांधणारे याला पठाण म्हणतात. त्यात अडकवायच्या आडव्या चौकटी लेझरने कापलेल्या असतात. मग लाकडी पट्ट्यांचे जुडगे, डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, पितळेचे बारीक खिळे, छोट्या तोफा, दोऱ्याची रिळं, कधी शिडाचं कापड आणि आराखड्याचे मोठे कागद.

सगळं ठरावीक प्रमाणात लहान केलेलं असतं. १:४८ म्हणजे खऱ्या जहाजाचे ४८ सेंटीमीटर मॉडेलवर १ सेंटीमीटर. १:७२ आणि १:९६ ही प्रमाणंही नेहमी दिसतात. किट घेताना लोक जहाजाचं नाव बघतात, प्रमाण बघत नाहीत, आणि इथेच घोटाळा होतो. अमेरिकेच्या 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेचं मॉडेल शिपवेज कंपनीचं किट साधारण १:७६ प्रमाणात आहे. पूर्ण झालेलं मॉडेल सुमारे १२० सेंटीमीटर लांब होतं. आपल्या हॉलमधल्या टीव्हीच्या शोकेसमध्ये ते मावत नाही.

किट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या परदेशी आहेत: स्पेनची आर्टेसानिया लॅटिना, इटलीची अमाती, डेन्मार्कची बिलिंग बोट्स, अमेरिकेची मॉडेल शिपवेज. एका डोलकाठीची साधी होडी काही हजारांत येते, मोठी युद्धनौका लाखाच्या घरात जाऊ शकते. वर कुरिअर आणि कस्टम्स ड्युटी. ऑर्डर करण्याआधी हा सगळा हिशेब एकत्र करा. मी केला नव्हता. पार्सल दारात आल्यावर ड्युटीचा आकडा कळला आणि त्या महिन्यात बाहेरचं खाणं बंद झालं.

पट्टी वाकते, पण कशी?

सगळ्यात अवघड काम तोफांचं किंवा शिडांचं नाही, पट्ट्या बसवण्याचं आहे. जहाज मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं. त्यामुळे टोकाकडच्या चौकटींची कड सरळ ठेवली, तर पट्टी तिच्या फक्त एका धारेवर टेकते आणि गोंद धरत नाही. म्हणून आधी पॉलिश पेपरने प्रत्येक चौकटीची कड तिरपी घासायची. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर पुढचं सगळं वाकडं.

मग पट्टी निमुळती करायची. समजा, मधल्या चौकटीचा एका बाजूचा घेर १०० मिलिमीटर आहे आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे तिथे २० पट्ट्या बसतील. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, घेर ६० मिलिमीटरच आहे. पट्ट्या तर त्याच २०. मग तिथे प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरची झाली पाहिजे. हे गणित न करता पट्ट्या चिकटवत गेलात, तर त्या टोकाशी एकमेकींवर चढतात.

वाकवण्यासाठी पट्टी पाण्यात भिजवतात, चौकटींवर आकारात बसवतात, कपड्यांचे चिमटे लावतात आणि वाळल्यावरच गोंद लावतात. साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो. बऱ्याच किटमध्ये पट्ट्यांचे दोन थर असतात. पहिला जाडसर, मऊ लाकडाचा. तो घासून गुळगुळीत केला, खाचा भरल्या, की वर अक्रोडासारख्या दिसायला छान लाकडाचा पातळ थर. पहिला थर पुढे दिसत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याच्या चुका त्यात लपतात.

माझी चूक मात्र लपली नाही. मी उत्साहात एका बाजूच्या आठ पट्ट्या सलग लावल्या. सकाळी बघते तर कणा केळ्यासारखा वाकलेला. प्रत्येक पट्टी सांगाड्याला आपल्या बाजूला ओढत असते, म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे अशाच लावाव्या लागतात. आराखड्यावर हे लिहिलेलं होतं. कोण वाचतं?

त्यानंतर डोलकाठ्या आणि दोर. दोऱ्याला आधी मेण फिरवून घेतलं की त्याचे तंतू पिंजारत नाहीत. हत्यारं फार लागत नाहीत: चांगला कटर, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, चिमटा. नांदेडच्या हार्डवेअरच्या दुकानांत यातलं बहुतेक मिळतं. पट्टी तुटली तर परदेशातून मागवू नका, फर्निचरवाल्याकडे व्हिनियरचे तुकडे पडलेले असतात. पहिलं किट एका डोलकाठीचंच घ्या. 'एचएमएस व्हिक्टरी' घेऊन सुरुवात करणाऱ्यांचे अर्धवट सांगाडे माळ्यावर जातात.

कागद बुडाला तर?

आता डब्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. लाकूड कुठेही मिळेल, दोरा कुठेही मिळेल. किटचा जीव त्या आराखड्याच्या कागदात असतो. जहाजाच्या प्रत्येक ठिकाणचा घेर कागदावर असेल, तरच चौकटी कापता येतात.

याची एक जबरदस्त गोष्ट मुंबईच्या गोदीत घडली आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने इथे पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात ब्रिटनला ओकचं लाकूड कमी पडू लागलं, आणि मुंबईत सागवान होतं. १८१२ मध्ये ब्रिटिश नौदलाने इथे 'ट्रिंकोमाली' नावाच्या युद्धनौकेची ऑर्डर दिली आणि तिचे आराखडे 'एचएमएस जावा' या जहाजातून पाठवले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौकेने 'जावा'ला हरवलं आणि नंतर पेटवून दिलं. आराखडे गेले. नवी प्रत येईपर्यंत काम अडलं. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली 'ट्रिंकोमाली' अखेर १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. ती अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला.

'जावा'ला बुडवणारी ती अमेरिकन युद्धनौका कोणती? 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन'. तीच, जिचं १२० सेंटीमीटरचं किट शोकेसमध्ये मावत नाही.

वाडियांचे कारागीर निष्णात होते, पण नौदलाला जहाज ठरलेल्या मापातच हवं होतं. आणि तो कागद होता म्हणूनच आज 'ट्रिंकोमाली'चं मॉडेल कुणालाही अचूक बनवता येतं. 'लेडा' वर्गाच्या ज्या युद्धनौकांपैकी ती एक, त्यांचे आराखडे ग्रीनिचच्या संग्रहालयात जपलेले आहेत.

मग गुराब का नाही?

शिवाजी महाराजांच्या आरमारात आणि पुढे कान्होजी आंग्रेंच्या ताफ्यात गुराबा आणि गलबतं होती. किनाऱ्यावर ती बांधणाऱ्यांचं ज्ञान हातात आणि डोळ्यांत होतं. मेस्त्री बापाकडून शिकायचा, लाकूड बघून घेर ठरवायचा. पश्चिम किनाऱ्यावर मोठी जहाजं कागदाशिवाय बांधायची रीत अगदी अलीकडेपर्यंत होती. यात कमीपणा काही नाही. पण मेस्त्री गेला की माप त्याच्यासोबत गेलं.

गुराबेबद्दल आपल्याकडे वर्णनं उरली. अठराव्या शतकातला ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की मोठी, तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे, दोन डोलकाठ्यांची १५० टनांची. मध्ये खूप रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि नाळेऐवजी पुढे आलेली लांब चोच. गलबत ७० टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. हे वाचून चित्र डोळ्यांसमोर येतं. पण सातव्या चौकटीचा घेर किती? ते ऑर्मला माहीत असायचं कारण नव्हतं, तो या जहाजांचा शत्रू होता. म्हणून गुराबेची जी मॉडेल्स तुम्ही पाहता, त्यांत बनवणाऱ्याचा अंदाज मोठा असतो. दोन मॉडेल्स शेजारी ठेवली तर ती एकमेकांशी जुळत नाहीत. सोशल मीडियावर त्यांना सरसकट 'हुबेहूब प्रतिकृती' म्हणतात, तिथे जरा हात आखडता घेतलेला बरा.

अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज

गंमत म्हणजे समुद्र नसलेल्या आपल्या मराठवाड्यातच भारतातल्या सगळ्यात प्रसिद्ध जुन्या जहाजाचं चित्र आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावर रांजण ठेवलेले दिसतात. चित्रकाराने ते कुठे पाहिलं होतं, देव जाणे.

अजिंठ्याच्या चित्रांतल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून भारतीय नौदलाने खरंखुरं शिवलेलं जहाज बांधून घ्यायचं ठरवलं, तेव्हा अडचण नेमकी किटवाल्याची होती: आराखडा नाही आणि जुन्या जहाजाचा अवशेषही नाही. भिंतीवरच्या सपाट चित्रातून घेर काढायचे होते. त्यासाठी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाबरोबर आधी मॉडेल करून पाण्यात चाचण्या घेतल्या. म्हणजे इथे छोटं जहाज मोठ्याची नक्कल नव्हतं, आधी छोटं झालं आणि मग मोठं. १२ सप्टेंबर २०२३ ला गोव्यात पठाण बसवला. केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. २१ मे २०२५ ला कारवारला हे जहाज 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात आलं. २९ डिसेंबर २०२५ ला ते पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोहोचलं. इंजिन नव्हतं, फक्त शिडं.

'कौंडिण्य' सुमारे १९.६ मीटर लांब आहे. १:४८ प्रमाणात मॉडेल ४१ सेंटीमीटरचं होईल, शोकेसमध्ये आरामात मावेल. पण किटची नेहमीची पद्धत इथे उलटी पडते. युरोपीय जहाजात आधी सांगाडा उभा राहतो आणि मग त्यावर फळ्या चढतात. शिवलेल्या जहाजात आधी फळीला फळी शिवून कवच तयार होतं, आतल्या बरगड्या नंतर बसतात. लेझरने कापलेल्या चौकटींवर पट्ट्या चिकटवून बाहेरून 'कौंडिण्य'सारखं दिसणारं काहीतरी नक्की बनेल, पण ते शिवलेलं जहाज नसेल.

मी सध्या किनवटकडच्या सागाच्या काही पातळ फळ्या मिळवल्या आहेत. १:२४ घ्यायचं म्हणतेय, म्हणजे लांबी ८२ सेंटीमीटरच्या आसपास. त्याहून लहान केलं तर सुईची भोकं पडताना लाकूड चिरतं, हे तीन फळ्या वाया घालवून कळलंय. आजीचं म्हणणं आहे की शिवायचंच होतं तर आधी गोधडीचा टाका नीट शिकायचा.