एक पिस्तूल, अनेक कारखाने

टाइपरायटर बनवणारी एक कंपनी. शिवणयंत्रं बनवणारी एक. रेल्वेचे सिग्नल बनवणारी एक. आणि शिकारीच्या बंदुका बनवणारी एक. या चौघींमध्ये समान काय?

उत्तर असं की दुसऱ्या महायुद्धात या चारही कंपन्यांनी एकच पिस्तूल बनवलं. अगदी तेच, स्क्रूपर्यंत. 'एम १९११' हे त्याचं सरकारी नाव. हॉलिवूडचा युद्धपट बघितला असेल तर तुम्ही ते नक्की पाहिलंय. अमेरिकन अधिकाऱ्याच्या कमरेला लटकलेलं, जाडजूड, चौकोनी तोंडाचं असतं ना, तेच.

आधीच सांगून टाकतो, मी काही बंदुकांचा शौकीन नाही. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पवर पॉइंट टू-टू रायफलने पाच गोळ्या झाडल्या, एवढाच माझा अनुभव. मला यात रस आला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या धंद्यात एक स्पेसिफिकेशन पाच व्हेंडरना दिलं की पाच वेगळी सॉफ्टवेअर हातात पडतात. इथे शंभर वर्षांपूर्वी एकच डिझाइन डझनभर कारखान्यांना दिलं गेलं, आणि अट अशी की एकाचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे. हे जमलं कसं? आणि कोणाला जास्त चांगलं जमलं? जुनी शस्त्रं गोळा करणारे लोक या दुसऱ्या प्रश्नावर रात्र रात्र भांडतात. 'तुझा आवडता मेकर कोण' हा त्यांच्यातला गावस्कर-तेंडुलकर वाद आहे म्हणा ना.

तर सुरुवातीपासून. डिझाइन जॉन मोझेस ब्राउनिंगचं. हा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डनचा, १८५५ चा जन्म, बापाच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. गरज कुठून आली? फिलिपिन्समधून. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने ती बेटं स्पेनकडून घेतली आणि तिथल्या लोकांशीच लढायला सुरुवात केली. दक्षिणेकडच्या मुसलमान मोरो लोकांसमोर सैन्याचं .३८ चं रिव्हॉल्वर कमी पडतं अशा तक्रारी आल्या. गोळ्या खाऊनही माणूस तलवार घेऊन अंगावर येतो वगैरे. ही गोष्ट बंदूकप्रेमी लोक फार रंगवून सांगतात. ते लोक स्वतःच्या घरात उभे होते आणि आलेले दुसरेच होते, हे मात्र त्या गोष्टीत सहसा नसतं. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरच्या बुद दाहो या डोंगरावर अमेरिकन सैन्याने बायकामुलांसकट शेकडो मोरो मारले, तेही नसतं.

असो. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि प्रेतांवर गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या. निष्कर्ष निघाला की गोळी .४५ पेक्षा लहान नको. चाचण्या कितपत शास्त्रीय होत्या यावर आजही वाद आहे, पण रिक्वायरमेंट एकदा कागदावर आली की ती आलीच. शेवटच्या फेरीत दोनच उमेदवार उरले, ब्राउनिंगचं कोल्ट आणि सॅव्हेज कंपनीचं. मार्च १९११ मध्ये दोन्ही पिस्तुलांतून सहा-सहा हजार गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा सुरू. सॅव्हेज ३७ वेळा अडलं. कोल्ट एकदाही नाही. २९ मार्च १९११ ला सैन्याने ते स्वीकारलं.

चालतं कसं हे थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे. गोळी सुटली की नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत जराशा मागे सरकतात. नळीच्या खाली एक छोटी झुलती कडी असते. ती नळीचं मागचं टोक खाली ओढते, खाचा सुटतात आणि स्लाइड एकटीच पुढचा मागचा प्रवास करते. रिकामं काडतूस फेकते, घोडा चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. सगळी मजा त्या खाचा आणि ती कडी किती अचूक कापल्या आहेत यात आहे.

आता मेकर्स. पहिला अर्थातच कोल्ट, हार्टफर्डचा. हे मूळ घराणं. सरकारने स्वतःच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातही सुमारे २५ हजार पिस्तुलं बनवली. मग १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि मागणी अशी वाढली की कोल्टला पुरी करता येईना. रेमिंग्टन-यूएमसी या कंपनीला काम दिलं. (ही रायफली आणि काडतुसांवाली रेमिंग्टन. टाइपरायटरवाली वेगळी, ती पुढे येते. गोंधळ करू नका.) आणि इथे तो प्रसंग घडला जो वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. कोल्टची ड्रॉइंग्ज आणि प्रत्यक्षातले भाग जुळत नव्हते! इतकी वर्षं कोल्टचे जुने कारागीर कागदाकडे न बघता हाताने, सवयीने बरोबर बसवत होते. कागदावर एक, मशीनवर दुसरं. रेमिंग्टनच्या लोकांना तयार पिस्तुलं मोजून ड्रॉइंग्ज नव्याने करावी लागली. म्हणजे डॉक्युमेंटेशन जुनं, खरी माहिती दोन सीनियर लोकांच्या डोक्यात, आणि नव्या टीमने चालू कोड वाचून डिझाइन डॉक्युमेंट लिहायचं. ओळखीचं वाटतंय ना?

या सगळ्यात इतका वेळ गेला की रेमिंग्टनची जेमतेम २१-२२ हजार पिस्तुलं झाली आणि युद्ध संपलं. इतर अनेकांना दिलेल्या ऑर्डरी तर सरळ रद्द झाल्या. क्यूबेकच्या एका कंपनीची शंभरेक पिस्तुलं बनली, बाकीच्यांचं एकही नाही. पण त्या रद्द यादीतली दोन नावं लक्षात ठेवा. नॅशनल कॅश रजिस्टर आणि बरोज अ‍ॅडिंग मशीन. दुकानातले गल्ले आणि बेरजेची यंत्रं बनवणारे.

१९२४ नंतर पिस्तुलात किरकोळ बदल झाले. चाप आखूड झाला, मुठीच्या मागे बाक आला, तळहाताचं मांस चिमटू नये म्हणून मागची शेपटी लांब केली. नाव झालं एम १९११ ए १. आतली यंत्रणा तीच.

दुसऱ्या युद्धाच्या वेळी सरकार शहाणं झालं होतं. युद्ध पेटण्याआधीच 'शैक्षणिक ऑर्डर' नावाचा प्रकार सुरू केला. शस्त्रं न बनवणाऱ्या कंपनीला छोटी ऑर्डर द्यायची, त्यांनी मशिनं, साचे, गेजेस कशी लागतील ते शिकायचं. आपल्या भाषेत पायलट प्रोजेक्ट. १९४० मध्ये सिंगरला अशी ५०० पिस्तुलांची ऑर्डर मिळाली. हो, तीच सिंगर, आजीच्या घरातल्या काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या मशिनवाली. सिंगरने पाचशे बनवली, फिनिश इतका सुंदर की बोलायची सोय नाही, आणि मग काम थांबलं, कारण सरकारला त्यांच्याकडून विमानविरोधी तोफांचा नेम धरणारी यंत्रं हवी होती. आज सिंगरचं पिस्तूल म्हणजे संग्राहकांचा कोहिनूर. लिलावात लाखाच्या वर डॉलर मोजले गेलेत. पण मला विचाराल तर सिंगर हा आवडता मेकर असणं म्हणजे एकच कसोटी खेळून शतक ठोकलेला फलंदाज आवडता असणं. पाचशे नग कोणीही मन लावून करेल हो.

युनियन स्विच अँड सिग्नल ही पेनसिल्व्हेनियातली रेल्वे सिग्नलवाली कंपनी, जॉर्ज वेस्टिंगहाउसने काढलेली. हिने ५५ हजार केली, सगळी १९४३ मध्ये. जाणकार हिच्या कामाचं फार कौतुक करतात आणि मला ते पटतं. ज्यांचा सिग्नल चुकला तर गाड्या धडकतात त्यांचं क्यूए कडकच असणार. इथाका ही शिकारीच्या बंदुकांवाली, सुमारे ३ लाख ३५ हजार. ठीक. कोल्ट, सव्वासहा लाखांच्या आसपास.

आणि या सगळ्यांच्या वर कोण? रेमिंग्टन रँड, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये. सुमारे पावणेनऊ लाख पिस्तुलं. टाइपरायटर कंपनीने कोल्टला मागे टाकलं!

सुरुवात मात्र वाईट झाली होती. सरकारी तपासनीस काही तयार पिस्तुलं उचलायचे, पूर्ण सुटी करायचे, भाग एकमेकांत मिसळायचे आणि ढिगातून पुन्हा पिस्तुलं जोडून झाडायचे. रेमिंग्टन रँडचे भाग या परीक्षेत बसेनात. मार्च १९४३ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं. विचार करा, युद्ध ऐन भरात आणि कारखाना बंद! व्यवस्थापनात बदल झाले, दोष शोधले, काही आठवड्यांनी पुन्हा सुरू केलं आणि मग थेट १९४५ पर्यंत मागे वळून पाहिलं नाही. रिलीज थांबवून मुळातला बग काढण्याची हिंमत फार थोड्या कंपन्यांत असते. डेडलाइन डोक्यावर असताना 'आत्ता जाऊ दे, पुढच्या पॅचमध्ये बघू' हेच आम्ही रोज ऐकतो. म्हणून माझं मत रेमिंग्टन रँडला. दिसायला ही पिस्तुलं राखाडी, रटाळ, सिंगरच्या पासंगालाही न पुरणारी. चालायची मात्र. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याने यांची नवी खरेदी जवळजवळ केलीच नाही. कोरिया, व्हिएतनाम, १९८५ ला बेरेटा येईपर्यंत हाच साठा दुरुस्त करून वापरला. एकाची फ्रेम, दुसऱ्याची स्लाइड, तिसऱ्याची नळी, आणि तरी पिस्तूल ठणठणीत.

आता जरा गंमत. याच रेमिंग्टन रँडने १९५० मध्ये एकर्ट आणि मॉकली यांची कंपनी विकत घेतली आणि १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला पहिला युनिव्हॅक संगणक दिला. पुढे ती स्पेरी रँड झाली. १९८६ मध्ये बरोजने स्पेरीला गिळलं आणि युनिसिस जन्मली. म्हणजे १९१८ चा रद्द झालेला पिस्तूल व्हेंडर आणि १९४३ चा यशस्वी व्हेंडर एकाच छताखाली आले, आणि तेही मेनफ्रेम विकायला. याच बरोजबरोबर टाटांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत टाटा बरोज काढली. तिचं टाटा युनिसिस झालं, मग टाटा इन्फोटेक, आणि २००६ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. सीप्झला घाम गाळलेल्या मित्रांनो, तुमची वंशावळ ही अशी आहे. शिवाय गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्या 'रेमिंग्टन'वर दोन पिढ्यांनी सरकारी नोकरीसाठी मराठी थर्टी-फॉर्टी केलं, तेही याच घराण्यातलं. मशिनं गेली, देवनागरी कीबोर्डची रेमिंग्टन मांडणी उरली.

अमेरिकेबाहेरच्यांपैकी अर्जेंटिनाच्या बायेस्तेर-मोलिनाचा उल्लेख करून पुढे जातो. मोटार कंपनीने केलेली सुटसुटीत आवृत्ती, मुठीमागचा सेफ्टीचा खटका काढून टाकलेला. बुडालेल्या ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेच्या पोलादातून ती बनली ही दंतकथा ऐकायला छान, पुरावा शून्य.

थांबायचं ते नॉर्वेजवळ. काँग्सबर्गच्या सरकारी कारखान्यात १९१४ पासूनच्या परवान्यावर हे पिस्तूल बनायचं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी देश घेतला आणि कारखाना स्वतःसाठी चालवायला लावला. कामगार काम करत होते. फक्त संध्याकाळी घरी जाताना जेवणाच्या डब्यातून एखादा भाग बाहेर जायचा. आज कडी, उद्या स्प्रिंग, परवा चाप. बाहेर जोडणी व्हायची आणि पिस्तूल भूमिगतांच्या हाती पडायचं. सापडला तर जीव गेला. अशा पिस्तुलांना तिथे 'मातपाक्के कोल्ट' म्हणतात. मातपाक्के म्हणजे आपला डबा. आणि बघा, हे शक्य कशामुळे झालं? भाग अदलाबदल होण्यासारखे होते म्हणून. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी पळवलेले तुकडे एकमेकांत बसले म्हणून. हाताने घासून बसवायचं पिस्तूल असतं तर डब्यातून नुसतं भंगार गेलं असतं.

म्हणूनच आजच्या महागड्या मेकर्सबद्दल माझं मन थोडं कोरडं आहे. आर्कान्सातली विल्सन कॉम्बॅट वगैरे मंडळी एकेक पिस्तूल हाताने जुळवतात, हजारो डॉलर घेतात, नेम अचूक लागतो. कला म्हणून सलाम. पण एका पिस्तुलाची स्लाइड दुसऱ्यावर चढवून बघा! कोल्टने चार वर्षांचा संप आणि १९९२ व २०१५ ची दिवाळखोरी पाहिली, २०२१ मध्ये ती चेक कंपनीने घेतली. 'स्प्रिंगफील्ड आर्मरी' हे आज दिसणारं नाव १९६८ मध्ये बंद झालेल्या सरकारी कारखान्याचं, कंपनी खासगी, आणि फ्रेम वर्षानुवर्षं ब्राझीलहून यायच्या.

आणि अमेरिकेतल्या दुकानांत स्वस्तातलं १९११ मागितलं तर बहुधा 'रॉक आयलंड आर्मरी' पुढे येतं. भरवशाचं, भरपूर बनणारं, बऱ्याच जणांचं पहिलं. नाव ऐकून इलिनॉयचं वाटावं. कारखाना आहे मनिलाजवळच्या मरिकिनात, आणि फ्रेमवर बारीक अक्षरात कोरलेलं असतं, मेड इन द फिलिपिन्स.