बार्शी लाइट आणि खेळण्यांतील आगगाडी

विजेच्या मोटारीवर चालणारी खेळण्यांतील आगगाडी आज पुष्कळ घरांत असते. थोड्याच दिवसांत ती अडखळत चालूं लागली म्हणजे घरोघर एकच निदान होतें: इंजिन बिघडलें. मग तें उघडलें जातें, बहुधा उघडेंच राहतें, आणि खेळणें माळ्यावर जातें. वस्तुतः गाडीची चाल बिघडण्याचें कारण दर वेळीं इंजिनांत असतें असें नाहीं. गाडी आणि रूळ हीं एकाच यंत्राचीं दोन अंगें आहेत. एकाचा विचार दुसऱ्याला सोडून करतां येत नाहीं. हें तत्त्व ज्या लहानशा रेल्वेच्या रचनेंत प्रथमपासून पाळलें गेलें, तिची गाडी आपल्या मिरजेस अनेक वर्षें येत होती.

खेळण्यांतील आगगाडीचा इतिहास फार जुना नाहीं. जर्मनींतील मर्क्लिन ह्या कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापांचे रूळ मांडले, तेव्हांपासून गाडीबरोबर तिचा मार्गही खेळाचा भाग झाला. मिरज ते कोल्हापूर हा संस्थानी लोहमार्ग त्याच सालीं सुरू झाला, हा एक गमतीचा योगायोग. पुढें इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी ह्याच्या चावीच्या गाड्या १९२० सालीं निघाल्या, आणि पांच वर्षांनीं विजेच्या गाड्या आल्या. चावीच्या गाडीला रूळ केवळ वाट दाखवीत. रुळांतून वीज घेणाऱ्या गाडीला ते वाटही दाखवितात आणि बळही पुरवितात. साहजिकच रुळाचा दोष तेव्हांपासून इंजिनाच्या माथीं बसूं लागला.

रूळ आणि गाडी ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न खऱ्या लहान रेल्वेपुढेंही होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर १८८२ सालीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानांत आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. परंतु मुख्य लोहमार्ग तिला टाळून गेला होता. तेथवर रूळ जड घालावे तर खर्च परवडत नाहीं. हलके घालावे तर इंजिनाच्या भारानें ते वांकतात, सांधे दबतात, आणि दबलेल्या सांध्यांवरून डुलत जाणारी गाडी रुळांस आणखी बिघडविते. कॅल्थ्रॉपनें हा प्रश्न उलट्या बाजूनें सोडविला. सर्वांत जड चाक सोसेल असा रूळ शोधण्याऐवजीं, हलका रूळ सोसेल तेवढाच भार प्रत्येक चाकावर टाकावा असें त्यानें ठरविलें. इंजिन असो, डबा असो कीं वाघीण असो, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं हा त्याचा नियम. त्यासाठीं लीड्सच्या किटसन कारखान्यांतून आलेल्या इंजिनांना परस्परांशीं जोडलेलीं आठ चाकें दिलीं, कीं ओढण्याचें बळ कमी न होतां भार वांटला जावा. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट आणि रुळाचें वजन यार्डास तीस पौंड. एवढ्या सामग्रीवर १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे चालूं लागली.

ही रेल्वे १९०६ सालीं पंढरपुरास आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. सांगोला, ढालगांव, कवठे महांकाळ अशीं गांवें जोडीत १९२७ सालीं ती मिरजेस आली. त्याच वर्षीं कॅल्थ्रॉप वारला. मिरज तेव्हां पटवर्धनांचें संस्थान होतें. १९४९ सालीं तें नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, आणि १९६० सालीं त्याच जिल्ह्याला सांगली हें नांव मिळालें.

आतां खेळण्याकडे वळूं. लांबी, रुंदी आणि उंची पन्नासपट लहान केली तर वजन सव्वा लाखपट घटतें; धुळीचा कण मात्र होता तेवढाच राहतो. खरें इंजिन जो कण चिरडून जातें, तोच कण हलक्या खेळण्याचें चाक उचलून धरतो आणि वीज तोडतो. म्हणून येथेंही भार सर्व चाकांवर सारखा हवा. इंजिन सपाट कांचेवर ठेवून प्रत्येक चाक टेकतें कीं नाहीं हें पाहावें. एक चाक अधांतरीं असलें तरी चाल बिघडते.

त्यानंतरही गाडी अडखळली, तर स्क्रू काढण्यापूर्वीं एवढेंच पाहावें: धक्का एकाच जागीं बसतो, कीं गाडीबरोबर फिरतो? प्रत्येक फेरींत त्याच सांध्यावर गाडी अडत असेल तर दोष रुळाचा. वीज जोडलेल्या जागेपासून दूर जातां जातां ती मंदावत असेल, तर मधल्या सैल सांध्यांत वीज खर्चीं पडत आहे असें समजावें. सबंध वाटेवर जागोजाग अडत असेल, तर रुळांवर आणि चाकांवर मळाचा काळा थर असतो. वीज बंद करून स्पिरिट लावलेल्या सुती फडक्यानें तो पुसावा. खरखरीत कागदानें घांसूं नये, कारण ओरखड्यांत मळ अधिक बसतो. उलट, जागा कोणतीही असो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला धक्का बसत असेल, तर आंसाभोंवतीं गुंडाळलेला केंस, वांकडें चाक किंवा तडकलेलें दंतचक्र शोधावें. बॅटरीची गाडी आरंभीं नीट चालून कांहीं मिनिटांनीं दमत असेल, तर सेल बदलावे आणि त्यांच्या स्प्रिंगांवरील गंज पुसावा. एवढें करूनही मोटार तापून मंदावली, तरच आटलेलें वंगण व झिजलेले कार्बनचे ब्रश ह्यांची पाळी येते.

बार्शी लाइट १९५४ सालीं सरकारनें ताब्यांत घेतली. पुण्याहून सातारा जिल्ह्यांतून मिरजेस येणारा मीटर गेज मार्ग १९७१ सालीं ब्रॉड गेज झाला, आणि पुढें कांहीं काळ मिरज स्थानकांत तिन्ही मापांचे रूळ शेजारीं शेजारीं नांदले. एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत बार्शी लाइटचा अडीच फुटी मार्गही टप्प्याटप्प्यानें रुंद झाला. ते हलके रूळ आतां उरले नाहींत. परंतु मुलाच्या हातीं खेळण्यांतील गाडी देतांना त्यांची गोष्टही द्यावी. गाडी अडली असतां ती आपटण्याऐवजीं गुडघे टेकून रुळांचे सांधे पाहणारें मूल त्या खेळण्याची पुरती किंमत वसूल करतें. आणि चालणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं वाट तपासावी ही संवय त्यास मोठेपणींही उपयोगी पडेल.