जुनं देऊळ कसं वाचायचं?

गटाच्या वह्या नीट ठेवा, असं आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो. आज एका वेगळ्या वहीबद्दल बोलायचं आहे. ही वही दगडाची आहे आणि आपल्या वऱ्हाडात ती गावोगाव उघडी पडली आहे. आपली जुनी देवळं म्हणजेच ही वही.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. गटांकडे वर्गणी मागितली, आम्ही आनंदानं दिली. देवळाला ऑइलपेंट लागला, भिंतींना टाइल्स बसल्या. सगळं चकचकीत झालं. मग एका आजीनं विचारलं, "चौकटीवर अक्षरं होते, ते कुठी गेले वो ताई?" अक्षरं रंगाखाली गेली होती. काय लिहिलं होतं, ते कोणीच उतरवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी आम्हाला वाईट वाटलं, आणि मग आम्ही जुनी देवळं नीट बघायला लागलो.

पहिली सहल बाळापूरहून अकोल्यावरून बार्शीटाकळीला नेली. तिथलं कालिकादेवीचं देऊळ सगळ्यांना 'हेमाडपंती' म्हणून माहीत आहे. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री होते, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पण बार्शीटाकळीचा शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा आहे. हेमाद्रींच्या कारभाराच्या सुमारे ८० वर्षं आधीचा! म्हणजे ही पद्धत त्यांच्या आधीपासूनच होती, नाव मात्र पुढं त्यांचं लागलं. हे आपल्याला कशामुळं कळलं? दगडावरच्या अक्षरांमुळं. तिथं रंगाचा जाड थर बसला असता तर?

भिंतीला हात लावून आमच्यातली एक म्हातारी सदस्य म्हणाली, "अवो, चुना त कुठीच दिसून नाही राह्यला!" बरोबर. आपल्याकडचा काळा दगड घडवून, एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा बसवून, दगडाच्या वजनावरच ही भिंत उभी केलेली असते. आतलं छत बघा. गोवऱ्या रचताना आपण प्रत्येक थर थोडा आत घेतो ना, तसेच दगडाचे थर आत आत सरकवत नेतात आणि शेवटी वर एक दगड ठेवून तोंड बंद करतात.

बाहेरून भिंत कोनाकोनांची दिसते. ती चांदणी कशी आखली असेल? घरी करून बघा. अंगणात पाट ठेवा, कडेनं रांगोळीची रेघ ओढा. पाटाचा मध्य जागचा न हलवता, जात्याच्या खुंट्याभोवती जातं फिरतं तसा पाट थोडा फिरवा, पुन्हा रेघ ओढा. असं तीन-चारदा केलं की बाहेरच्या टोकांची चांदणी तयार होते. बार्शीटाकळीला, लोणारच्या दैत्यसूदन देवळात अशीच कोनांची रचना आहे.

आता देऊळ कुठं बांधायचं, ते बघू. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी 'बृहत्संहिता' लिहिली. त्यात म्हटलं आहे की जिथं पाणी आहे, झाडी आहे, नदीकाठ किंवा संगम आहे, तिथं देव रमतात. आपलं बाळापूर बघा. मन आणि म्हैस या नद्यांचा संगम, आणि ज्या बाळादेवीवरून गावाला नाव पडलं, तिचं देऊळ किल्ल्याखाली. लोणारला तर पाण्याची गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. सरोवराचं पाणी खारं, नावातच लवण. पण काठावर गोड्या पाण्याची धार पडते आणि तिच्याजवळ गोमुखाचं देऊळ आहे. खारपाणपट्ट्यातल्या बाईला गोड्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पाणी असेल तिथं वाटसरू थांबतात, बाजार भरतो, जत्रा भरते. देऊळ गावाच्या मध्यावर आलं ते असं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गावात जीर्णोद्धार निघाला तर वर्गणी देण्याआधी चार गोष्टी विचारा.

पहिली, रंग लावणार का? दगडात ओल मुरते आणि बाहेर पडते. ऑइलपेंटनं ती आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. सिमेंटचंही तसंच. साधी झाडलोट करा, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच जाणकाराला दाखवून काढून घ्या.

दुसरी, अक्षरांचे आणि नक्षीचे फोटो काढले का? आता घरोघरी मोबाइल आहे. आजूबाजूला पडलेले कोरीव दगड मोजा, गटाच्या वहीत लिहा. ते पायरीला किंवा धुणं धुवायला नेऊ नका.

तिसरी, देऊळ संरक्षित आहे का? केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते.

चौथी, खोदताना मूर्ती किंवा नाणी सापडली तर काय करायचं ठरलं आहे? १८७८ च्या निखात निधी कायद्यानं ते सरकारला कळवावं लागतं. तहसील कार्यालयात सांगा.

हे विचारायला गेलो तेव्हा आम्हालाही ऐकावं लागलं, "बायांना देवळातलं काय कळतं?" आम्ही म्हटलं, वर्गणी आमची, झाडलोट आमची, मग विचारायचा हक्कही आमचाच. ग्रामसभेत चार जणी एकत्र उठून बोलल्या की ऐकतात.

पुढच्या बैठकीला एक काम करा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला घेऊन जुन्या देवळात जा आणि तिला विचारा, "आजी, पहिले इथं काय काय होतं?" ती सांगेल ते वहीत लिहून घ्या. रंगाखाली गेलेली अक्षरं आम्हाला परत आणता आली नाहीत. तुमच्या गावची अजून उघडी असतील, तर ती तुम्ही जपा.