फुलझाडावरची काजळी

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आम्ही आज एका फुलझाडाचा आणि त्यावर पडणाऱ्या किडीचा इतिहास सांगणार आहोत. आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा. शाळा लवकर सुटली, आणि पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वनस्पतिशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. या विषयाकडे आम्हांस जावे लागले ते मात्र कामाच्या निमित्तानेच.

आमच्या संघटनेत एका नगरपालिकेचे बागकामगार आहेत. फवारणीचा पंप पाठीवर, तोंडाला उपरण्याची घडी आणि हात उघडे, अशा स्थितीत ही माणसे विषारी औषध मारीत असत. हातमोजे, तोंडपट्टी आणि साबण मिळावा म्हणून आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी एकच प्रश्न केला, “फवारणी कोणत्या किडीसाठी आहे, ठाऊक आहे काय?” आम्ही गप्प राहिलो. बाहेर आल्यावर एका वृद्ध माळ्याने आम्हांस गुलाबी फुलांच्या एका झाडाखाली नेले. पाने काळवंडली होती. आम्ही म्हटले, धुराची काजळी असेल. तो म्हणाला, “भाऊ, काजळी पुसून भागत न्हाई. वरच्या पानाखाली मावा हाय, त्यो बघा.” त्या दिवसापासून आम्ही या झाडाच्या मागे लागलो.

हे झाड म्हणजे क्रेप मर्टल. उत्तरेकडे यास सावनी म्हणतात. आपल्या कोकणातील ताम्हण आणि सह्याद्रीतील नाणा हे याचे सख्खे भाऊबंद, आणि मेंदीही याच कुळातली. शास्त्रीय नावात ‘इंडिका’, म्हणजे ‘हिंदुस्थानची’, असे पद असले तरी या झाडाची कीर्ती प्रथम झाली ती चीनमध्ये. तांग राजवटीत ते राजवाड्याच्या आवारात लावीत. तेथील भाषेत झाडाचे नाव आणि ध्रुवाजवळच्या एका तारकापुंजाचे नाव यांचा उच्चार एकच होता. इ.स. 713 मध्ये राजाच्या मुख्य कचेरीसच त्या तारकापुंजाचे नाव दिले गेले, आणि मग कचेरीच्या अंगणात त्याच उच्चाराचे झाड शोभू लागले. बाई जुयीसारख्या कवीने त्यावर कविता केली. सामान्य लोक मात्र त्यास ‘शंभर दिवस लाल’ म्हणतात. आम्हांस हे दुसरे नाव अधिक आवडते, कारण ते झाडाकडे पाहून ठेवलेले आहे.

युरोपात याचे बारसे झाले 1759 साली. लिनिअस या स्वीडिश पंडिताने या वंशास ‘लॅगरस्ट्रोमिया’ असे नाव दिले. लॅगरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक, आणि पूर्वेकडून आलेले वनस्पतींचे नमुने त्याने लिनिअसला पुरविले होते. मित्राचे ऋण फेडण्याची ही रीत वाईट नव्हे. पण ज्या चिनी माळ्यांनी शतकानुशतके हे झाड राखले त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या पानावर नाही. ज्याच्या जहाजातून माल येतो त्याचे नाव राहते, आणि ज्याच्या हाताने माल तयार होतो त्याचे पुसले जाते. हा अनुभव आमच्या श्रोत्यांस नवा नसावा.

इंग्लंडच्या थंड उन्हाळ्यात हे झाड मनासारखे फुलेना. त्यास खरे घर मिळाले ते अमेरिकेच्या दक्षिण भागात. आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1786 च्या सुमारास चार्ल्स्टनजवळ आपली रोपवाटिका उभारली, आणि हे झाड तेथे आणण्याचे श्रेय परंपरेने त्यालाच देतात. कडक ऊन आणि दमट हवा मिळताच झाड तेथे गावोगाव पसरले. त्या काळी चार्ल्स्टनच्या मळ्यांत आणि बागांत राबणारे हात गुलामांचे होते, ही गोष्ट फुलांच्या वर्णनात बहुधा गळून जाते.

पण ज्या दमट हवेने झाड वाढले तिनेच भुरीही वाढविली. कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पीठ भुरभुरावे तशी ही बुरशी पसरते, पाने वाकडी होतात आणि कळ्या उमलत नाहीत. यावर उपाय सापडला जपानच्या याकुशिमा बेटावर. तेथील रानात याच वंशाची दुसरी एक जात आहे. फोरी या फ्रेंच मिशनऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे फूल लहान व पांढरे, पण खोड दालचिनीच्या रंगाचे, आणि भुरी तिच्या वाटेस जात नाही. जॉन क्रीच या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1956 मध्ये तिचे बी नेले. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डोनाल्ड एगोल्फ यांनी दोन्ही जातींचा संकर केला. हजारो रोपे वाढवायची, त्यांतील मोजकी निवडायची आणि बाकीची उपटून टाकायची, असे हे वर्षानुवर्षांचे काम. 1978 मध्ये ‘नॅचेझ’ आणि ‘मस्कोगी’ हे वाण बाहेर पडले. ‘नॅचेझ’ची फुले पांढरीशुभ्र, खोड दालचिनी आणि उंची चांगली वीस-तीस फूट. ‘टस्करोरा’, ‘होपी’, ‘झुनी’ ही आणखी काही नावे. 1990 मध्ये एगोल्फ वारले, पण सरकारी पगारावर काम करणाऱ्या या माणसाचे वाण आज रस्तोरस्ती उभे आहेत.

ही सारी नावे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमातींची आहेत. त्यांत हेतू गौरवाचाच होता. तरीपण अठराव्या शतकात फ्रेंचांशी झालेल्या लढाईत नॅचेझ लोकांची वाताहत झाली आणि 1838 मध्ये चेरोकी लोकांस सैनिकांनी घराबाहेर काढून पश्चिमेस हाकलले, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ‘चेरोकी’ नावाचे झाड पाहून थोडे थांबावेसे वाटेल. जमीन गेली, आणि नाव रोपाच्या चिठ्ठीवर उरले.

आता किडीकडे येऊ. या झाडाचा मावा केवळ याच झाडावर जगतो. उन्हाळ्यात त्याच्या माद्या नरावाचून पिले देतात, म्हणून पाहता पाहता पानाची खालची बाजू भरून जाते. ते रस शोषतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा खाली पडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. विदर्भातील संत्रेवाले अशाच बुरशीस कोळशी म्हणतात. तीच आमची काजळी! बुरशी पान खात नाही, साखर खाते. म्हणून काजळी पुसणे व्यर्थ, हे त्या माळ्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. दुसरा शत्रू म्हणजे जपानी भुंगेरा. 1916 मध्ये तो न्यू जर्सीतील रिव्हर्टन येथे प्रथम आढळला. तो पाने व फुले कुरतडून जाळी करतो.

तिसरा शत्रू सर्वांत नवा. 2004 मध्ये टेक्सासमधील डॅलसजवळच्या रिचर्डसन येथे या झाडाच्या सालीवर पांढरी खवले कीड सापडली. ती मूळची आशियातली. मादी पांढऱ्या लोकरीसारख्या कोषात शेकडो अंडी घालते, आणि तिला चिरडले तर गुलाबी रस निघतो. तिचाही चिकटा गळतो आणि काजळी चढते, पण या वेळी खोडावर. झाड सहसा मरत नाही, मात्र फुले कमी येतात आणि ज्या दालचिनी खोडासाठी ‘नॅचेझ’ निवडला ते खोड कोळशासारखे दिसते. काही वर्षांत ही कीड दक्षिणेच्या अनेक राज्यांत पोहोचली. भुरीविरुद्धचा विजय येथे कामास आला नाही. शिवाय प्रत्येक ‘नॅचेझ’ हा मूळच्या एकाच झाडाच्या फांदीचे छाट कलम. रस्ताभर एकच झाड शंभरदा लावल्यासारखे ते आहे. जी कीड एकास मानवते ती सर्वांस मानवते.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला औषधाचा. मुळाशी विष ओतले की ते रसातून शेंड्यापर्यंत चढते, पण ते फुलांच्या परागातही उतरू शकते. या फुलांत मध नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठीच. दुसरा उपाय हातांचा. हिवाळ्यात मऊ ब्रशाने व साबणाच्या पाण्याने खोड घासावे, झाडे दाटीने लावू नयेत, निरनिराळे वाण व निरनिराळी झाडे मिसळावीत आणि किडी खाणाऱ्या ढालकिड्यांस जगू द्यावे. दरवर्षी शेंडे तोडून झाडाचे ठोंब करणे तर मुळीच नको. अमेरिकेतील जाणते माळी या छाटणीस खून म्हणतात. त्यातून कोवळे, लुसलुशीत धुमारे फुटतात, आणि माव्यास हवे असतात ते नेमके तेच.

एवढे टिपण करून आम्ही पुन्हा साहेबांकडे गेलो, आणि या खेपेस त्या वृद्ध माळ्यास बरोबर नेले. बोलला तोच. मावा दिसला की प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा, सरसकट छाटणी बंद करावी आणि औषध शेवटी, असे त्याने सांगितले. साहेबांनी ते ऐकून घेतले. फवारणी कमी झाली. काही महिन्यांनी हातमोजे आणि तोंडपट्ट्याही आल्या, पण त्या कायम कामगारांपुरत्या. कंत्राटी माणसे आजही उपरणेच बांधतात. तेव्हा आमचे काम अर्धेच झाले आहे, हे येथे कबूल करणे भाग आहे.

या झाडाचा भाऊ ताम्हण हा महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. 1 मे 1960 रोजी राज्य स्थापन झाले, आणि 1 मे हाच कामगारांचाही दिवस. त्याच सुमारास ताम्हण जांभळ्या फुलांनी भरून येतो. येत्या मे महिन्यात त्या फुलांकडे जरूर पाहावे. मात्र पाहताना एक पान उलटून त्याची खालची बाजूही पाहावी, आणि झाडाखाली पंप घेऊन कोणी उभा असेल तर त्याच्या हातांत मोजे आहेत की नाहीत तेही पाहावे, एवढी आमची श्रोत्यांस विनंती आहे.